साहेबांच्या गाडीमागची जीप

रावेरच्या स्टँडवर एकदा एका बाईंनी राजधर नानांना विचारलं, "भाऊ, भुसावळची गाडी गेली का हो?"

नाना म्हणाले, "एक गाडी गेली. मी तिची पाठ पाहिली. पाटी पुढं असते."

बाई वैतागल्या आणि उसाच्या रसवाल्याला विचारायला गेल्या. मी नानांशेजारीच उभी होते. म्हटलं, "नाना, भुसावळचीच होती ती. सांगून टाकायचं ना."

"तू पाहिली ना? मग तू सांग."

मला त्यांचा राग आला होता, हेही आठवतं. तेव्हा मला पॅकहाऊसमध्ये नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. केळी धुऊन, पुसून, खोक्यांत भरून उत्तरेला पाठवायचं काम तिथे चाले. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसे. नाना गाड्यांवरचे मुख्य. कोणता ट्रक कधी लागायचा, कोणाचा टायर गुळगुळीत झालाय, कोणता ड्रायव्हर रात्रभर झोपलेला नाही, हे सगळं त्यांच्याकडे. वय सत्तरीच्या आसपास. मिलिटरीत ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. पारोळ्याजवळच्या गावचे. बायको वारलेली, मुलगा सुरतला. गावी स्वतःचं घर असून हा माणूस शंभरावर किलोमीटर लांब रावेरला पॅकहाऊसच्या मागच्या खोलीत का राहतो, हे कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, "इथून गाड्या पंजाबला जातात." एवढंच. ऐकणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याने प्रश्न नीट ऐकला नाही.

सकाळी बागांवर धुकं असताना नाना आवारात हजर असत. हातात जुनं वर्तमानपत्र. उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रकवर चढून आधी ते आरसे पुसत. समोरची काच ड्रायव्हरने पुसायची, आरसे मात्र नानांचे. वर्तमानपत्राचा कागद काचेवर कुईं कुईं वाजे. मागे सातपुडा निळा, मध्ये केळीची पानं वाऱ्याने चिरलेली, आणि ट्रकच्या पायरीवर पांढऱ्या सदऱ्यातले नाना. मी रोज तेवढ्यासाठी पाच मिनिटं लवकर यायला लागले होते.

ते माझ्याशी निम्मं मराठी, निम्मं अहिराणी बोलत. आम्ही रावेरकडचे, आमची बोली वेगळी. त्यांचं 'आहे'ऐवजी 'शे' ऐकून पॅकिंगच्या बाया पहिल्या पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसत. मला ते 'माय' म्हणत. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. आवारात घाई झाली की सगळे हमालांवर ओरडत, "पळ रे, पळ पळ!" नाना कधीच तो शब्द वापरत नसत. ते म्हणत, "चाल, बिगी बिगी चाल." पोलीस आले, पाऊस आला, शीतगृहाचं मशीन बंद पडलं, तरी "बिगी चाल."

त्यांची किंमत मला कळली ती सुमनबाईंच्या वेळी. सुमनबाई पॅकिंगच्या जुन्या कामगार. एके दुपारी खोक्यांची ट्रॉली त्यांच्या हातावर गेली. दोन बोटं चेचली. त्यांना दवाखान्यात नेलं आणि इकडे ऑफिसात मॅनेजरने कागद लिहायला घेतला. चार जणांनी सांगितलं, बाई मोबाइलवर बोलत होत्या, लक्ष नव्हतं. चौघांपैकी दोघं तर त्या वेळी चहाला बाहेर होते. मॅनेजर म्हणाला, "नाना, तुम्ही तिथंच होतात. तुमचीही सही हवी."

नाना म्हणाले, "तिचा फोन कमरेच्या पिशवीत होता. पिशवीची नाडी बांधलेली होती. मी पाहिली."

"म्हणजे ट्रॉलीवाल्याची चूक?"

"ते मी पाहिलं नाही. मी ट्रॉलीचं मागचं चाक बघत होतो, ते डगमगत होतं. पुढं काय झालं ते दिसलं नाही."

"अहो नाना, सगळे एकच सांगतायत."

"बठ्ठा सांगतस ना, मग माझी सही कशाला?" नाना शांतपणे म्हणाले. "लिहायचं तर मी पाहिलं तेवढं लिहा. आणि मला वाचून दाखवा. मराठीत."

'मराठीत' हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की मी टाईप करता करता थांबले. शेवटी कागदावर डगमगतं चाक आलं, नाडी बांधलेली पिशवी आली. सुमनबाईंच्या उपचाराची जबाबदारी पॅकहाऊसने घेतली. ट्रॉलीवाला मुलगाही कामावर राहिला. नानांनी कोणाचीच बाजू घेतली नव्हती, त्यामुळे दोन्हीकडचे लोक आठवडाभर त्यांच्यावर थोडे नाराज होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी मला ती हकीकत सांगितली. मे महिना होता. दुपारी रावेरचं ऊन असं पडतं की पत्र्याकडे बघवत नाही. माल कमी, बाया झाडाखाली लवंडलेल्या. ऑफिसात पंखा गरम हवा फिरवत होता आणि पिकत्या केळ्यांचा गोड, जड वास भरून राहिला होता. नाना खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. डोळे न उघडता ते बोलायला लागले.

"माय, तुला एक कागद करायला सांगायचाय. पण आधी ऐकावं लागंल."

एकाहत्तरची लढाई. नाना तेव्हा बावीस वर्षांचे, नवे ड्रायव्हर, पंजाबच्या सीमेवर. युनिटमध्ये जनरलसाहेबांची गाडी चालवणारा नाईक होता करीम, धुळ्याचा. पहिल्या दिवशी लंगरच्या रांगेत त्याने मागे वळून विचारलं होतं, "कोणता गावना शे रे तू?" परमुलखात, थंडीत, हजार माणसांत ते 'शे' ऐकून बावीस वर्षांच्या राजधरच्या डोळ्यांत पाणी आलं. "पारोळाना," तो म्हणाला. "मंग आपलाच शे," करीम म्हणाला आणि स्वतःच्या ताटातली एक रोटी त्याच्या ताटात टाकली. पुढे करीमभाईनेच त्याला कालव्याच्या बांधावरून गाडी कशी उतरवायची ते शिकवलं, दिवे न लावता कशी चालवायची ते शिकवलं. आरसे पुसायची सवयही त्याचीच.

"त्या दिवशी सकाळी धुकं होतं," नाना म्हणाले. "धुकं असलं की विमान येत नाही, म्हणून साहेब निघाले. पुढं साहेबांची गाडी, तिच्यावर लाल झेंडी. मागं माझी जीप. माझ्या शेजारी वायरलेसवाला, मद्रासकडचा. आम्ही त्याला तंबी म्हणायचो. कालव्याच्या पुलापाशी आलो आणि धुकं एकदम फाटलं. असं, पडदा ओढावा तसं. दोन्हीकडं हिरवं हिरवं शेत. मला इतकं बरं वाटलं माय, की काय सांगू. उन्हात ते सगळं चमकत होतं. आणि मग सावली आली. विमानाची सावली आधी आली, आवाज नंतर."

पहिल्या फेरीत गोळ्या रस्त्यावरून गेल्या. साहेबांची गाडी तिरपी होऊन झाडाला टेकली. इंजिनातून धूर. साहेबांच्या पायाला लागलं होतं, दार चेपून अडकलं होतं. नानांनी जीप झाडाखाली घातली. मान वर केली, तर करीम गाडीतून उतरून उघड्या शेतात धावत चाललेला दिसला. रस्त्यापासून लांब, झाडांपासून लांब. विमान वळून परत आलं. ते गाडीवर आलं नाही, शेतावर गेलं. तेवढ्या वेळात नाना आणि तंबीने पहारीने दार उचकटून साहेबांना ओढून खड्ड्यात घातलं. साहेब बेशुद्ध. ते वाचले. करीमभाई त्या हिरव्या शेतात पालथा पडला होता.

पंखा फिरत होता. मी खिडकीबाहेर पाहिलं तर आमच्या बागा दिसत होत्या, पण मला क्षणभर त्या आपल्या वाटल्या नाहीत.

"मग चौकशी झाली. तंबूत. तंबीला ताप भरलेला, तो दवाखान्यात. साक्षीदार मी एकटा. मेजरसाहेबाने विचारलं, 'ड्राइवर ने क्या किया?' मला हिंदी तेव्हा धड येत नव्हती. माझ्या डोक्यात होतं, करीमभाई पयना. आमच्याकडं कोणी हाक मारली तरी माणूस पयतो, बाळ रडलं तरी माय पयते. मी म्हटलं, 'साब, भागा.' बाबूने इंग्रजीत टाईप केलं. मी सही केली. माय, मला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं."

कागदावर काय आलं ते त्यांना सोळा-सतरा वर्षांनी कळलं, निवृत्त व्हायच्या आधी. युनिटच्या मोठ्या बाबूने जुनी फाईल चाळताना सहज म्हटलं, "करीमचं नाव पदकासाठी गेलं होतं, माहितेय? तुझ्या साक्षीने अडलं. साक्षीत आहे, ड्रायव्हर साहेबांना सोडून पळून गेला."

"मी तेव्हाच्या नव्या मेजरसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, आता काय त्याचं. मग मी विचार करायला लागलो. मला खरंच काय दिसलं होतं? पाठ. त्याची पाठ दिसली. पाठीवरून माणूस पळतोय का धावतोय, कसं सांगायचं? तो घाबरून गेला असंल, तर तेही मला माहीत नाही. विमानाला आपल्या मागं नेत होता, तर तेही मला माहीत नाही. आणि मी त्याच्यावर शब्द टाकून बसलो."

त्या शब्दाचं वजन त्यांनी मला सांगितलं नाही, मला ते आपोआप कळलं. त्या लढाईत, त्या सीमेवर, करीम नावाच्या माणसाविषयी 'पळून गेला' असं लिहिलं जाणं. रजेवर आलेल्या कोणीतरी ती बातमी धुळ्याच्या गल्लीत नेली होती. घरात तरुण बायको, पोटात सात महिन्यांचं मूल.

रावेरची नोकरी त्यांनी का धरली होती, तेही त्या दुपारी समजलं. केळीचे ट्रक त्या बाजूला जात. दोनदा ते मालाबरोबर जाऊन आले होते. पहिल्या खेपेला पूल सापडलाच नाही, नवे रस्ते झालेले. दुसऱ्या खेपेला सापडला. त्या खेपेला गाडीवर सलीम होता, आमच्या रावेरचाच ड्रायव्हर. त्याने मला नंतर सांगितलं ते असं:

"दीदी, नाना पुलावर उतरले आणि सरळ शेतात शिरले. मी म्हटलं, आता कोणीतरी काठी घेऊन येणार. एक म्हातारी आली. गावात तिला सगळे बेबे म्हणतात. नाना तिला म्हणाले, लढाईत इथं एक फौजी मेला होता. ती म्हणाली, मला काय सांगतोस, मी इथंच होते."

बेबेचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. ती शेतात गुरांसाठी चारा कापत होती. तिने सांगितलं, एक फौजी गाडीकडून धावत आला, गळ्यात ओढणीसारखं लाल कापड. तिला पाहून तो ओरडला, "बैठ जा! बैठ जा!" ती बसली. मग तो तिच्याकडे यायचा तो वळला, दुसऱ्या बाजूला गेला, लांब. विमान त्याच्या मागे गेलं.

"नानांनी तिला एकच गोष्ट विचारली," सलीम म्हणाला. "तोंड पाहिलं का? ती म्हणाली, हो. नाना म्हणाले, कसं होतं? ती म्हणाली, चिडलेलं. थोरला भाऊ विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या बहिणीवर चिडतो ना, तसं. दीदी, नाना तिथं चाऱ्यात खालीच बसले. ट्रकमध्ये माल पिकायला लागला होता, पण मी त्यांना उठवलं नाही."

आता नानांना तंबी हवा होता. हे काम मी केलं. माजी सैनिकांचे मोबाइलवर गट असतात. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात निरोप फिरवत राहिले. चार महिन्यांनी एका दूरच्या नंबरवरून आवाज आला. खोकला, मागे कावळे, कुठेतरी नारळाच्या झावळ्यांची सळसळ, आणि मोडकं फौजी हिंदी. "राजधर, तू गाडी लगा रहा था, तू नहीं देखा. मैं देखा. करीम झंडी निकाला. सीधे हाथ में ऊपर पकड़ा, ऐसे ऐसे किया. हवाई जहाज उसको देखा. मैं बुखार में था, मेरे को कोई पूछा नहीं. बाद में मैं भी चुप रहा. मेरा भी गलती."

नानांनी तो निरोप कानाला लावून सात-आठ वेळा ऐकला. मी म्हटलं, "नाना, पण जुळत नाही हे. बेबे म्हणतात गळ्यात होतं, तंबी म्हणतात उजव्या हातात."

"असू दे. तिनं जवळून पाहिलं, त्यानं लांबून पाहिलं. धावताना माणूस हात बदलतो." मग म्हणाले, "दोघांचं जसंच्या तसं लिही. माझंही. मी झेंडी पाहिली नाही, हेही लिही."

पाच दुपारी आम्ही तो कागद लिहीत होतो. 'शौर्य' हा शब्द मी घातला, त्यांनी काढायला लावला. "ते मी पाहिलं नाही." 'बलिदान' घातला, तोही काढला. 'धावत गेला' यावर ते अडून बसले, त्यापुढे 'कशासाठी ते मला त्या वेळी माहीत नव्हतं' हे वाक्य हवंच होतं. मराठीत झाल्यावर मी इंग्रजी केलं आणि एकेक ओळ त्यांना परत मराठीत वाचून दाखवली. सैन्याच्या कचेरीला कागद गेला. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: आपलं निवेदन संबंधित फाईलला जोडण्यात आलं आहे.

मला रडू आलं. एवढंच? नाना मात्र विचारत होते, "जोडलंय म्हणजे त्याच फायलीत? जुन्या कागदाच्या जवळ?"

"हो."

"मग वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील." त्यांनी पत्राची घडी घातली. "आता धुळ्याला जायचं."

करीमची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी होती, शमीमबाई. उर्दू शाळेत शिक्षिका होत्या, मुदतीआधीच निवृत्ती घेतलेल्या. नानांना घर ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते त्यांनी मला बसमध्ये सांगितलं. निवृत्त झाल्यापासून ते कितीतरी वेळा त्या गल्लीपर्यंत गेले होते. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घ्यायचे आणि परत फिरायचे. "कागद नव्हता तोवर काय सांगणार? मी चुकलो एवढंच? त्यानं तिचं काय भरून येणार?" बस पारोळ्यात थांबली. किल्ल्याचा बुरूज उन्हात पिवळा दिसत होता. त्यांच्या गावचे दोघं-तिघं स्टँडवर दिसले, त्यांनी हात केला. नाना उतरले नाहीत.

शमीमबाईंच्या खोलीला हिरवा पडदा होता, सगळा उजेड त्यातून गाळून येत होता. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा ठेवला. नानांनी चहाला हात लावण्याआधीच सुरुवात केली, आणि सुरुवात बेबेपासून नाही, तंबीपासून नाही, स्वतःपासून केली. "बेटी, तुझा बाप भागा, हे मी सांगितलं होतं. तो शब्द माझा."

शमीमबाई ऐकत राहिल्या. मग त्या उठल्या. "अम्मी लग्नाकार्याला जाणं सोडून बसली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात ती मागच्या खोलीत होती. कोणी काही बोलू नये म्हणून. आणि तुम्हाला घर माहीत होतं?"

"हो."

"किती वर्षांपासून?"

"तीस. जास्तच."

"आप जाइए," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मेहरबानी करके जाइए."

आम्ही बाहेर आलो. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर नाना बसले. मी म्हटलं, "नाना, अडीचची गाडी आहे." ते म्हणाले, "तिला काही विचारावंसं वाटलं तर? पुढचं मी सांगितलंच नाही अजून." तीन वाजले. शाळेतून सुटलेली मुलं गेली, एक कापूस पिंजणारा गेला, त्याच्या तारेचा आवाज गल्लीच्या टोकाला विरून गेला. नाना गुडघ्यांवर हात ठेवून त्या हिरव्या पडद्याकडे बघत होते. जवळच्या मशिदीतून उतरत्या दुपारची अजान झाली. मला डुलकी लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा शमीमबाई समोर उभ्या होत्या, डोक्यावर ओढणी.

"पुढचं काय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, मी पाठ पाहिली. तोंड कोणी पाहिलं?"

नाना उभे राहिले. तिथेच, गल्लीत, त्यांनी बेबेचं सगळं सांगितलं. "बैठ जा" हे सांगताना त्यांनी हात खाली दाबून दाखवला. मी फोनवर तंबीचा आवाज लावला. शमीमबाईंनी फोन हातात घेतला, दोन्ही हातांनी धरला. ऐकून झाल्यावर त्यांनी तो मला परत दिला. मग त्यांनी विचारलं ते मला अजून ऐकू येतं.

"अब्बा बोलायचे कसे? आवाज कसा होता?"

नाना गोंधळले. मग खाकरले, आणि छातीतून निघणाऱ्या जाड, मजेशीर आवाजात म्हणाले, "अरे पोऱ्या, गाडी म्हणजे बैल नही शे. तिले मारू नको. तिले आयक."

शमीमबाईंनी तोंडावर ओढणी धरली. "शे?" त्या म्हणाल्या. "अब्बा असं बोलायचे? अम्मीने कधी सांगितलंच नाही." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पुन्हा म्हणा."

नानांनी पुन्हा म्हटलं. मग आणखी एक आठवलं, मग आणखी एक. आम्ही आत गेलो. दुसरा चहा झाला. शेवटची गाडीही गेली, आणि आम्हाला शमीमबाईंच्या भाच्याने जळगावपर्यंत सोडलं. निघताना शमीमबाई म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला अजून माहीत नाही." नाना म्हणाले, "बरोबर शे."

ते शेत बघायचं शमीमबाईंनीच ठरवलं. त्यांच्या यजमानांना दगदग झेपणारी नव्हती, म्हणून नाना आणि त्या, असे दोघंच निघाले. त्यांना पूल सापडला, बेबे भेटल्या. नानांनी झाड कुठे होतं, जीप कुठे होती ते दाखवलं; बेबेने बाकीचं दाखवलं. त्या दोघी चाऱ्यात बसून पुष्कळ बोलल्या आणि नाना लांब पुलावर थांबले. हे शमीमबाईंनी मला फोनवर सांगितलं. परत आल्यावर नाना रावेरला आलेच नाहीत, गावी गेले. चैत्रात झोपेत गेले. मला दोन दिवसांनी कळलं. सलीमने त्या दिवशी आवारातल्या सगळ्या ट्रकचे आरसे पुसले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भुसावळच्या फलाटावर, त्या प्रवासाला निघताना. डिसेंबरची सकाळ, सगळं धुक्यात. इंजिन दिसत नव्हतं, नुसता पिवळा उजेड जवळ येत होता. नानांना अंगात कणकण होती आणि ती ते लपवत होते. त्यांना गाडीत बसवून मी खाली उतरले आणि खिडकीपाशी उभी राहिले. शमीमबाई त्यांच्या समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उठल्या, पिशवीतून लोकरीची मफलर काढली, आणि वाकून नानांच्या डोक्याला, कानांना गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली. घट्ट मारली, लहान मुलाला शाळेत पाठवताना मारतात तशी. नानांनी हात मांडीवर ठेवले होते, मान किंचित वर केली होती आणि डोळे मिटले होते. गाडी हलली. शमीमबाईंची बोटं अजून त्या गाठीवर होती.